२००४: फुटबॉलचं देखणं वर्ष की नुसत्या बचावाचं? आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीच्या संघांनी त्यातून काय घ्यावं?

टिळकवाडी स्टॉपर

पावसाळी स्पर्धा तोंडावर आल्यात, म्हणून हा विषय काढतोय. जागतिक फुटबॉलमधलं एकच वर्ष आपल्या भागातल्या प्रशिक्षकांनी बारकाईनं अभ्यासावं असं ठरलं, तर माझं मत २००४ ला. त्या वर्षी पैसा, नाव आणि तारे ज्यांच्याकडे नव्हते ते जिंकले, आणि मांडणीच्या जोरावर जिंकले.

२६ मे रोजी गेल्सेनकिर्शेनला पोर्तोनं मोनॅकोला ३-० हरवून चॅम्पियन्स लीग घेतली. १ जुलैला कोलंबियातल्या मानिसालेसच्या ओन्से काल्दासनं अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांवर, हरवून कोपा लिबर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकी क्लबांची स्पर्धा नेली. आणि ४ जुलैला ग्रीसनं पोर्तुगालला लिस्बनमध्ये त्यांच्याच प्रेक्षकांसमोर १-० हरवून युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून ५ तारीख लागली होती.

ग्रीस त्याआधी दोनच मोठ्या स्पर्धांत उतरला होता, १९८० चा युरो आणि १९९४ चा विश्वचषक. दोन्हीत मिळून एक सामना जिंकला नव्हता. १९९४ ला तर तीन सामन्यांत १० गोल खाल्ले आणि एकही मारला नाही. २००१ मध्ये ओटो रेहागेल हे जर्मन प्रशिक्षक आले, पहिल्याच सामन्यात फिनलंडकडून ५-१ मार बसला. २००४ च्या पात्रता फेरीत पहिले दोन सामने ०-२, ०-२ असे गेले. त्यानंतरचे सहाच्या सहा जिंकले आणि त्या सहांत एकही गोल खाल्ला नाही. त्यातला एक विजय स्पेनमध्ये जाऊन मिळवलेला.

मुख्य स्पर्धेच्या बाद फेरीत ग्रीसचे तीन सामने: फ्रान्स १-०, चेक १-०, पोर्तुगाल १-०. तिन्ही गोल डोक्यानं, त्यातले दोन कॉर्नरवर.

आता आपल्या संघांकडे बघा. १६-१७ जणांचा संघ, आठवड्याला दोन-तीन संध्याकाळी सराव, जुलै-ऑगस्टमध्ये गोलसमोर घोट्याएवढा चिखल. या मैदानावर वीस-वीस पासची गुंफण चालत नाही. प्रत्येकाला समोरचा एक माणूस धरायला वाटून देणं, मागं एक मोकळा स्वीपर, म्हणजे कुणाला न धरता बाकीच्यांच्या चुका झाकणारा बॅक, उजवीकडून एक चांगला क्रॉस आणि पाठ केलेले दोन कॉर्नर, एवढं मात्र जमतं. ग्रीसनं एवढंच केलं. विरोधी मत असेल तर जरूर मांडा, पण आकड्यांनिशी.

कॅम्पचा विंगर

आकड्यांनिशीच मांडतो, स्टॉपरदादा. तुम्ही २००४ म्हणता आणि सांगता २३ दिवसांची एक स्पर्धा, त्यातलेही तीन सामने. वर्ष बारा महिन्यांचं होतं.

त्याच वर्षी आर्सेनलनं इंग्लिश लीगचे ३८ सामने न हरता संपवले. २६ विजय, १२ बरोबरी, ७३ गोल. जर्मनीत वेर्डर ब्रेमेननं लीग आणि कप दोन्ही घेतले, ३४ सामन्यांत ७९ गोल मारून. चॅम्पियन्स लीगमध्ये मोनॅकोनं रेयाल माद्रिदकडून पहिला सामना ४-२ हरल्यावर घरी ३-१ जिंकून, एकूण गोल सारखे झाल्यावर, समोरच्याच्या मैदानावर मारलेल्या जास्त गोलांवर त्यांना काढलं. स्पेनचे देपोर्तिव्हो मिलानमध्ये ४-१ हरले होते, घरी ४-० मारून पुढे गेले. अथेन्स ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनानं सुवर्ण घेतलं: सहा सामने, १७ गोल, खाल्ला एकही नाही. म्हणजे आक्रमण करणाऱ्या संघाची जाळीही कोरी राहू शकते. प्रशिक्षक बिएल्साचा तो संघ समोरच्याच्या अर्ध्यात दाबून खेळायचा. गोल वाचवायला गोलसमोर गर्दी करावी लागते हा समज त्यांनी खोटा ठरवला.

युरोतलाच धडा हवा असेल तर १९ जूनचा नेदरलँड्स-चेक सामना घ्या. १९ मिनिटांत नेदरलँड्स २-०. कोलरनं एक परत केल्यावर चेक प्रशिक्षक ब्रुकनर यांनी २५ व्या मिनिटाला बचावातल्या ग्रिगेराला बाहेर काढून श्मित्सरला आत आणलं. म्हणजे मागं असताना एक बॅक कमी केला. तिकडे नेदरलँड्सनं तासाभराच्या सुमारास, २-१ पुढे असताना, रोबेनला काढून बोस्फेल्ट हा बचावी हाफ आणला. रोबेन गेला तसं डावीकडचं दडपण संपलं आणि चेकला त्या कडेनं मोकळेपणानं वर येता यायला लागलं. बारोशनं ७१ व्या मिनिटाला बरोबरी केली, ७५ व्या मिनिटाला हायटिंगा दुसऱ्या पिवळ्या कार्डावर बाहेर गेला आणि ८८ व्या मिनिटाला त्याच श्मित्सरनं तिसरा मारला. पुढे असताना बचावात माणूस वाढवला की काय होतं हे याहून स्पष्ट कुठं दिसणार?

ग्रीसचा अभ्यास म्हणून आपल्याकडे होतं काय, तर चौदा वर्षांच्या पोराला सांगतात, 'त्या दहा नंबरला चिकट, बाकी काही बघू नको.' तो पोरगा चेंडू घेऊन वळायलाच शिकत नाही.

खानापूर लेफ्ट बॅक

दोघांचंही म्हणणं वाचलं. एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण 'माणूस वाटून देणं' हे ऐकायला सोपं आणि मैदानावर फार अवघड असतं. ग्रीसचं नेमकं काय होतं ते आधी.

निकोपोलिदिस गोलात. मागं डेलास मोकळा. त्याच्यापुढे काप्सिस आणि सेतारिदिस समोरच्या आघाडीवीरांवर. फ्रान्सविरुद्ध सेतारिदिस थिएरी ऑन्रीच्या मागं सावलीसारखा होता. डावीकडे फिस्सास. मधे कात्सुरानिस, बासिनास, झागोराकिस असे तीन धावणारे. वर व्रिझास आणि खारिस्तेयास, आणि खारिस्तेयासही बचावाच्या वेळी उजव्या कडेला खाली येणार. म्हणजे माणूस धरणारे मोजके होते, बाकीचे जागा धरत होते. आपल्याकडे अकराही जणांना माणूस वाटतात आणि बाराव्या मिनिटाला सगळं विस्कटतं.

ते विस्कटण्याची कारणं ठरलेली आहेत.

समोरचा सेंटर फॉरवर्ड मुद्दाम मागं, मध्यरेषेपर्यंत उतरतो. स्टॉपर त्याच्या मागं जातो, गोलसमोर भोक पडतं आणि तिथं त्यांचा हाफ धावत येतो. उपाय असा: स्टॉपरनं गोलपासून साधारण ३० मीटरपर्यंतच पाठलाग करायचा. त्याच्या पुढं तो माणूस हाफच्या ताब्यात द्यायचा, आणि देताना नाव घेऊन ओरडायचं. नुसतं 'तू घे, तू घे' म्हटलं की कुणीच घेत नाही.

दोन फॉरवर्ड एकमेकांना कापून धावले की दोन बॅक एकमेकांवर आदळतात. गोलपासून लांब असताना अशा वेळी माणसं बदलायची. पेनल्टी एरियाच्या आत बदलायची नाहीत, आपापलाच धरायचा. हा नियम सरावात ठरलेला पाहिजे, सामन्यात ठरवायला वेळ नसतो.

तिसरं स्वीपरचं अंतर, आणि इथं आपलं मैदान आडवं येतं. एप्रिल-मेमध्ये कडक मैदानावर पाठीमागं टाकलेला चेंडू पळत सुटतो, तेव्हा स्वीपर स्टॉपरच्या ८-१० मीटर मागं ठीक. पावसात खानापूरकडच्या लाल मातीत तोच चेंडू पडला तिथं रुततो. तेव्हा स्वीपर १० मीटर मागं राहिला तर चेंडू त्याच्यापर्यंत येतच नाही आणि फॉरवर्ड आधी पोहोचतो. पावसात अंतर ४-५ मीटर. शिवाय स्वीपर फार मागं राहिला की समोरचे सगळे त्याच्यामुळे ऑनसाइड होतात. दोन बाजूंनी मार.

आणि माणूस धरताना उभं कसं राहायचं? गोल आणि माणूस यांच्या मधे, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, शरीर तिरकं, म्हणजे चेंडू आणि माणूस दोन्ही एका नजरेत. चेंडूकडे पूर्ण वळलेला बॅक माणूस गमावतो. पूर्ण माणसाकडे वळलेला पेनल्टी देतो, कारण चेंडू आलेला न बघता तो शर्ट ओढतो.

निपाणी नंबर १०

लेफ्ट बॅक सरांनी नीट सांगितलं. पण इतकं सगळं पाठ करून घ्यायचंच असेल तर ते पोर्तोचं का नको?

प्रशिक्षक मोरिन्यो यांचा तो संघ ग्रीसपेक्षा आपल्याला जवळचा आहे असं मला वाटतं. चार बॅक एका रेषेत, मधे चौकटीच्या पत्त्यासारखी मांडणी: तळाशी कॉस्तिन्या, बाजूंना मानिश आणि पेद्रो मेंदेस, टोकाला देको. चेंडू हरवला की लगेच जवळचे तिघे दाबायचे, चेंडू मिळाला आणि पुढे १-० असलो की आडवे-तिरके पास देत दम घ्यायचा. दम घेणं हा शब्द महत्त्वाचा. ग्रीसनं दम घेतला तो बिनचेंडूचा, म्हणजे नव्वद मिनिटं समोरच्याच्या मागं धावून. त्याला लागणारी ताकद आपल्या पोरांत साठाव्या मिनिटाला संपते. आठवड्याला दोन सराव करणारा संघ नव्वद मिनिटं पाठलाग करूच शकत नाही.

अंतिम सामन्यातला पोर्तोचा दुसरा गोल बघा. ७१ वं मिनिट, मोनॅको बरोबरीसाठी वर आलेला, चेंडू हिसकावला, थोडक्या पासांत देको मोकळा. चारच मिनिटांनी आलेनिचेव्हनं तिसरा मारला. पुढे असताना मागं न बसता सापळा लावण्याची ही रीत.

आणखी एक. पोर्तुगालनं युरोचा पहिला सामना ग्रीसकडूनच २-१ हरला. त्यानंतर प्रशिक्षक स्कोलारी यांनी संघ बदलला: कार्वाल्यो, नुनो व्हालेंते आणि देको हे पोर्तोचे तिघे आत आले. तिथून पोर्तुगाल अंतिम सामन्यापर्यंत गेला. एका क्लबात रोज एकत्र खेळणारी पाच-सहा माणसं संघात असली की सांगावं लागत नाही. आपल्याकडे स्पर्धा आली की तीन गल्ल्यांतून, गोव्याहून, कोल्हापूरहून खेळाडू गोळा करतात. मग मांडणी ग्रीसची घ्या नाहीतर ब्राझीलची.

टिळकवाडी स्टॉपर

नंबर १०, पाहुणे खेळाडू आणण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण पोर्तोची मांडणी पावसात कशी चालवणार ते सांगा की. त्या चौकटीत कडेला माणूसच नाही, रुंदी दोन्ही बॅकनी वर येऊन द्यायची. चिखलात बॅकनं दहा वेळा ५० मीटर वर जाऊन परत यायचं? आणि 'चेंडू हरवला की तिघांनी दाबायचं' हे एकानं उशीर केला की फसतं. एक गेला, दोन राहिले, की मधून सरळ रस्ता मोकळा. ग्रीसच्या पद्धतीत एकाची चूक मागचा एक माणूस झाकतो. म्हणून मी तिला कच्च्या संघासाठी सुरक्षित म्हणतो.

विंगरभावा, तुझ्या चौदा वर्षांच्या पोराबद्दल: मी म्हणूलालो ते सीनियर संघांबद्दल. पंधराच्या आतल्यांना माणूस धरायला लावूच नये, यात वाद नाही.

कॅम्पचा विंगर

वाद आहे, कारण सीनियर संघ जे खेळतो तेच पोरं बघतात. आणि तुम्ही ग्रीसचा शेवट सांगितला नाही. ४ जुलैला युरो जिंकला, ४ सप्टेंबरला विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला पहिलाच सामना अल्बानियाकडून २-१ हरले. २००६ च्या विश्वचषकाला गेलेच नाहीत. २००८ च्या युरोत विजेते म्हणून उतरले आणि तिन्ही सामने हरले. तेच प्रशिक्षक, तीच पद्धत, खेळाडूही बरेचसे तेच. मग बदललं काय? समोरच्यांना कळलं की यांना चेंडू दिला की यांच्याकडे करण्यासारखं काही नसतं. समोरच्यानं पहिला गोल केला की ग्रीसची सगळी गणितं उलटी होतात. २००४ च्या युरोच्या गटात रशियाविरुद्ध तेच झालं होतं: दुसऱ्याच मिनिटाला गोल खाल्ला, सतराव्याला दुसरा, २-१ हरले. त्या गटात स्पेन आणि ग्रीस दोघांचे ४ गुण, दोघांचा गोलफरक शून्य. ग्रीसचे गोल ४ आणि स्पेनचे २ म्हणून ग्रीस पुढे गेला. एक गोल कमी-जास्त झाला असता तर हा धागा निघाला नसता.

अनगोळची कीपर

ताणून धरलेल्या या वादात दोघांनाही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट राहून गेली, आणि महिलांचं फुटबॉलही राहून गेलं.

२६ ऑगस्ट २००४, अथेन्स ऑलिंपिक, महिलांचा अंतिम सामना. ब्राझील अमेरिकेपेक्षा सरस खेळला, चेंडू खांबावर आदळले, १८ वर्षांची मार्ता त्या संघात होती. १-१ वरून जादा वेळ. ११२ व्या मिनिटाला क्रिस्टीन लिलीचा कॉर्नर, ॲबी वॉम्बाकचं हेडर, अमेरिका २-१. युरोचा उपांत्य सामना: त्सियार्तासचा कॉर्नर, डेलासचं हेडर, जादा वेळेच्या पहिल्या अर्ध्याच्या शेवटच्या क्षणी. तेव्हा सिल्व्हर गोलचा नियम होता, त्या अर्ध्याच्या शेवटी जो पुढे तो विजयी, म्हणून चेकला परत संधीच मिळाली नाही. त्या युरोनंतर तो नियम गेला. अंतिम सामना: ५७ वं मिनिट, बासिनासचा कॉर्नर, खारिस्तेयासचं हेडर.

दोन मोठ्या स्पर्धांचे तीन निर्णायक गोल कॉर्नरवर. यात आक्रमक की बचावात्मक हा प्रश्नच येत नाही, कॉर्नर दोघांनाही मिळतो. आणि आपल्या भागात सरावात कॉर्नरला किती वेळ देतात? शेवटची पाच मिनिटं, तीही शूज सोडता सोडता. मुलींच्या संघांना तर तेवढीही नाही, कारण मैदान सोडायची वेळ झालेली असते.

मारणाऱ्याचं आधी. लक्ष्य जवळच्या खांबासमोरचा गोल एरियाचा (गोलसमोरच्या लहान चौकटीचा) कोपरा, म्हणजे खांबापासून साडेपाच मीटरचा पट्टा. उंची साधारण दोन मीटर, पहिल्या बॅकच्या डोक्यावरून जेमतेम जाईल अशी. पावसात आपल्याकडचा कॉर्नरचा कोपरा सर्वात आधी चिखल होतो, कारण सगळे तिथूनच चालतात. टेकवलेला पाय घसरतो आणि चेंडू थेट पहिल्या बॅकच्या पोटात. एक मीटरच्या त्या पाव वर्तुळात चेंडू कुठंही ठेवता येतो, कोरडी जागा शोधून ठेवा. झेंडा मात्र हलवायचा नाही. धाव तीन पावलांची, जास्त नाही.

धावणारे: एक पेनल्टी एरियाच्या कडेवरून जवळच्या खांबाकडे, दुसरा त्याच्या मागून गोलच्या मध्यावर, तिसरा दूरच्या खांबाला, एक कीपरजवळ स्थिर उभा. स्थिर उभं राहायला हरकत नाही, कीपर निघाल्यावर आडवं सरकलं की फाउल. एक एरियाच्या बाहेर, परत आलेल्या चेंडूसाठी. दोन मध्यरेषेवर. चुकतं ते बहुतेक वेळेचं. धावणारे आधी निघतात आणि चेंडू यायच्या वेळी उभे असतात. उभ्यानं मारलेल्या हेडरला जोर नसतो. म्हणून मारणाऱ्यानं हात वर करायचा, खाली सोडला की त्यानं पहिलं पाऊल टाकायचं, आणि त्याचा पाय चेंडूला लागला की यांनी सुटायचं.

दोन्ही बाजूंनी २०-२० कॉर्नर, आणि पहिल्या बॅकला लागलेले मोजायचे. वीसमधले पाचपेक्षा जास्त तसे गेले तर मारणारा बदला, खेळाडू कितीही मोठा असो.

आता माझ्या जागेचं. लिस्बनमध्ये रिकार्दो गोल सोडून बाहेर आला आणि चेंडूपर्यंत पोहोचला नाही. कीपरनं बाहेर यायचं ते गोल एरियातच, आणि चेंडू सर्वात उंच असताना हाताला लागेल याची खात्री असेल तरच. शंका वाटली तर रेषेवर थांबायचं. ओल्या चेंडूला पकडायला जाऊ नये, दोन्ही मुठींनी कडेला मारावं. मधे मारलेला चेंडू एरियाबाहेरच्या त्या एका खेळाडूच्या पायात जातो.

निपाणी नंबर १०

कीपरताई, हे छापून प्रत्येक संघाला द्यावं असं आहे. फक्त एक भर. हेडरचा सराव पोरांना किती द्यायचा याचा विचार हवा. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात हेडर देत नाहीत, आणि अमेरिकेत त्याआधीच दहाच्या आतल्यांना बंद केलंय. चाळीस कॉर्नर म्हणजे एकाच पोराच्या डोक्यावर वीस हेडर येऊ शकतात. बारा-तेरापर्यंत हलका चेंडू घेऊन हातानं टाकून वेळ साधायला शिकवा, मोठ्यांनाही आठवड्यातून एकाच दिवशी. आणि जुना, शिवण उसवलेला चेंडू पावसात पाणी पितो. नियमाप्रमाणे चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम. भिजलेला जुना चेंडू त्याच्या बराच वर जातो. त्यानं हेडर करायला लावू नका.

सरदार मैदान

टायब्रेकरबद्दल कुणी बोललं नाही. आपल्या बाद पद्धतीच्या स्पर्धांत जादा वेळ बहुधा देतच नाहीत, सरळ टायब्रेकर. तेव्हा २००४ मधून घ्यायचं ते इथं.

ओन्से काल्दासनं टायब्रेकर २-० असा जिंकला. बोकाचे चारही फटके वाया गेले, चारही! तेच ओन्से काल्दास डिसेंबरात योकोहामाला पोर्तोविरुद्ध शेवटच्या इंटरकॉन्टिनेंटल कपात (युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या क्लब विजेत्यांचा सामना) १२० मिनिटं ०-० खेळलं आणि टायब्रेकरवर ८-७ असं हरलं. लिस्बनला पोर्तुगाल-इंग्लंड २-२ झाल्यावर रिकार्दोनं हातमोजे काढून व्हॅसेलचा फटका अडवला आणि पुढचा फटका स्वतः मारून सामना संपवला.

तयारी कशी करायची? फटका ११ मीटरवरून. कुठं मारायचा हे चेंडू ठेवण्याआधी ठरवायचं आणि बदलायचं नाही. धावताना कीपरकडे बघून बदलणाऱ्याचा पाय अडखळतो. चिखलात पेनल्टीच्या खुणेवर खड्डा असतो. रेफ्रींना विचारून चेंडूभोवतीची माती पायानं सपाट करून घ्या, आणि टेकवणाऱ्या पायाची जागाही बघा. चेंडू उंच जातो तो बहुतेक वेळा तोच पाय घसरून शरीर मागं गेल्यामुळे. यादी पाचाची न करता अकराची करा, कारण सहावा कोण हे मैदानात विचारायला लागलं की नको म्हणणारेच पुढे येतात. आणि सराव दमलेल्या पायांनी करा, सुरुवातीला नव्हे.

ओन्से काल्दासचे प्रशिक्षक लुईस फर्नांदो मोंतोया यांच्यावर त्या योकोहामाच्या सामन्यानंतर काही दिवसांतच, घरी, चोरट्यांनी गोळ्या झाडल्या आणि त्यांना कायमचं अपंगत्व आलं. २००४ ची गोष्ट काढताना त्या माणसाचं नाव राहू नये.

टिळकवाडी स्टॉपर

काका, त्यांचं नाव घेतलंत हे फार बरं केलंत.

विंगरभावा, अल्बानियाचा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण तू लीग खेळणाऱ्या देशाचं माप बाद स्पर्धेला लावतोयस. आपल्याकडचे चषक चार-पाच सामन्यांचे. समोरच्याला आपला खेळ ओळखायला दोन वर्षं मिळत नाहीत, एक दिवस मिळतो. चार सामन्यांसाठी बसवायचा संघ आणि चार वर्षांसाठी बसवायचा संघ यांची बांधणी वेगळी. लीग सुरू करा, मीच आधी आक्रमक खेळाच्या बाजूनं उभा राहीन.

कॅम्पचा विंगर

आता आपण मुळाशी आलो. म्हणजे दोष पद्धतीचा कमी आणि स्पर्धांच्या आखणीचा जास्त. एक हरलं की बाहेर, म्हणून प्रशिक्षक घाबरून खेळवतो. चार-चार संघांचे गट केले तर प्रत्येकाला तीन सामने मिळतात, ग्रीसलाही गटात एक हरून पुढे जाता आलं होतं. आठ संघांच्या बाद स्पर्धेत ७ सामने होतात. दोन गट, दोन उपांत्य आणि एक अंतिम धरले तर १५. दुप्पट मैदान, दुप्पट रेफ्री, आणि पावसात मैदान एवढं सोसत नाही हेही खरं. अर्धा २५ मिनिटांचा केला तर एका दुपारी तीन सामने बसतात.

आणि एक गोष्ट तुम्ही कुणीच बोलला नाहीत. ज्या खारिस्तेयासच्या डोक्यावर ग्रीसचा युरो उभा आहे, तो त्या मोसमात कुठं होता? ७९ गोल मारणाऱ्या वेर्डर ब्रेमेनमध्ये, बहुतेक वेळ राखीव फॉरवर्ड म्हणून. वर्षभर जर्मनीतल्या सर्वात आक्रमक संघात क्रॉसवर धावायचा सराव केलेला माणूस. फ्रान्सविरुद्धचा गोल कॉर्नर नव्हता. झागोराकिसनं लिझाराझूच्या डोक्यावरून चेंडू उचलला, पळत जाऊन क्रॉस दिला आणि खारिस्तेयास बरोबर वेळेला मधे आला. चेंडू उचलून बॅकला चकवणं हे माणूस धरायला शिकवून येत नाही ओ.

टिळकवाडी स्टॉपर

त्या ब्रेमेनचे प्रशिक्षक थॉमस शाफ हे खेळाडू असताना रेहागेल यांच्याच हाताखाली तिथं खेळलेले. रेहागेल १९८१ ते १९९५ ब्रेमेनला होते. तेव्हा तो आक्रमक संघ आणि हा बचावात्मक संघ एकाच शाळेतले. ज्याच्याकडे जसे खेळाडू तशी मांडणी, एवढंच मी धरून आहे.

खानापूर लेफ्ट बॅक

मग भांडण खेळाडू कसे आहेत यावर आलं, आणि ते प्रत्येक संघानं आपलं बघायचं. माझ्याकडून नव्वद मिनिटांच्या एका सरावाची वाटणी ठेवतो, दोन्ही बाजूंच्यांनी वापरून बघावी.

पहिली १५ मिनिटं शरीर गरम करणं, चेंडूसह. पुढची २५ मिनिटं छोट्या जागेत, ३० बाय २० मीटर, पाच विरुद्ध पाच, दोनच स्पर्शांत खेळ; हे विंगरच्या वाट्याचं. पाणी साचलं असेल तर दोनाऐवजी तीन स्पर्श, नाहीतर सगळे नुसते उडवत बसतात. मग २० मिनिटं सहा आक्रमक विरुद्ध चार बॅक, एक हाफ आणि कीपर: फॉरवर्ड खाली उतरला की कुणी घ्यायचा, ३० मीटरची रेषा शंकू ठेवून दाखवायची. मग २० मिनिटं कॉर्नर, कीपरताईंनी सांगितले तसे, दर आठवड्याला बाजू बदलून. शेवटची १० मिनिटं टायब्रेकर, दमलेल्या पायांनी.

पाऊस जोरात असेल तर छोट्या जागेचा खेळ मैदानाच्या कडेला न्या. गोलसमोरची माती सरावातच उखडली तर सामन्याच्या दिवशी तिथं चेंडू उसळणार नाही, आणि तो तोटा दोन्ही संघांच्या कीपरना होतो. लाल मातीत तळाला साचलेला चिखल दर दहा मिनिटांनी काडीनं काढायला लावा. लहान ठोकळ्यांचे शूज भरले की सपाट तळव्यासारखे होतात आणि वळताना गुडघा जातो. सहा लांब स्टडचे शूज असतील तर ते फक्त पावसाळ्यात. निपाणीकडच्या काळ्या मातीत मैदान वाळून कडक झालं की तेच स्टड घोट्याला मारक.

अनगोळची कीपर

लेफ्ट बॅक सर, कॉर्नरच्या २० मिनिटांतली ५ बचावाच्या कॉर्नरला द्या. जवळच्या खांबाला एक जण, गोल एरियाच्या रेषेवर तिघे जागा धरून, आणि त्यांच्या सर्वात उंच तिघांवर माणूस. पूर्ण माणूस-माणूस केलं तर त्यांचा धावणारा आणि आपला बॅक आमच्याच अंगावर येऊन पडतात, आणि कीपरला निघायला वाट उरत नाही.